आतून लावलेली कडी

मिकिओन खेचरं हाकत वैद्यकीचा देव अस्क्लेपियस याच्या डोंगरात शिरला तेव्हा दुपार कलली होती आणि त्याच्या डोक्यात काम एकच होतं. कान दाखवायचा. करिंथच्या एका व्यापाऱ्याची लोकर तो पंधरा वर्षं या वाटेनं वाहत होता. या खेपेला माल बंदरावर उतरवून तो रिकाम्या खेचरांनिशी मुद्दाम वर आला होता. सोबत देवाला वाहायला एक कोंबडा, तीन मधाच्या पोळ्या आणि डाव्या कानातला तो आवाज.

खर्र... खर्र... थांबायचा. जरा डोळा लागला की पुन्हा. तीन वर्षं झाली होती. करिंथच्या वैद्यानं कोमट तेल ओतून पाहिलं, दुसऱ्यानं कांद्याचा रस ओतला. तिसरा म्हणाला, किडा असेल, मरेल आपोआप. किडा मेला नाही.

देवळाच्या वाटेवर दोन उभे दगड होते. त्या दगडांच्या आत देवाचं अंगण. तिथं कुणी जन्माला यायचं नाही आणि कुणी मरायचं नाही, असा नियम. देवळाचा कारभारी सिमाकोस त्यातल्याच एका दगडाला टेकून बसला होता. मिकिओन त्याला पाहून चपापला. हातपाय काटक्यांसारखे, आणि पोट टोपलीएवढं.

"बघतोस काय मिक्या?" सिमाकोस हसला. "दिवस गेलेत मला!"

"बापाचं नाव सांगा, मालक. मी जाऊन गाठतो त्याला."

"देवालाच विचार. आज मीही ओसरीत झोपणार आहे. वीस वर्षं लोकांना झोपवलं, आता स्वतःचं अंथरूण घातलंय." त्यानं कमरेची किल्ली काढून फेकली. "खेचरं नेहमीच्या जागी बांध. अतिथिघरात."

"आणि माणसं आली तर?"

"माणसं झाडाखाली झोपतात. खेचर आजारी पडलं तर तुझा शेठ माझ्या नावानं बोंबलतो."

अतिथिघर दगडांच्या बाहेर, हाकेच्या अंतरावर होतं. मिकिओननं खेचरं आत बांधली, दाराला कुलूप घातलं. दाराच्या खालच्या फळीकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. पाहायचं नाही, हे त्यानं वाटेतच ठरवलं होतं.

झऱ्यावर अंघोळ करून लोक सावलीत बसले होते. रात्री देव स्वप्नात येऊन बरं करणार, तोवर पोटात थोडंच घालायचं. मिकिओन अंजीर चघळत होता. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. हात मोठे, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली.

"कशासाठी आलास रे, बाबा?"

"कान. तुम्ही, मावशी?"

"झोप येत नाही. निकारेता म्हणतात मला. डोंगरापलीकडच्या गावची सुईण."

"सुईण? इथं तर जन्माला बंदी."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. भाजी निवडता निवडता बोलावं तसा. "माझी लेक फिलिन्ना इथंच गेली. तीन वर्षांपूर्वी, ऐन थंडीत. ताप उतरेना म्हणून जावयानं गाढवावर घालून आणली. सातवा महिना होता. रात्री कळा सुरू झाल्या. मी तेव्हा दुसऱ्या गावात दुसऱ्याच कुणाच्या लेकीपाशी बसले होते."

मिकिओनचं चघळणं थांबलं.

"त्या पोटाळ्या कारभाऱ्यानं तिला पाय धरून ओढत बाहेर काढलं. नियम आहे, मान्य. पण बाहेर ते अतिथिघर होतं की. वरून बर्फाळ पाऊस कोसळत होता. जावई दार बडवून दमला आणि खालच्या वाडीत मदत आणायला धावला. माणसं घेऊन परतला तेव्हा ती उंबऱ्याशी पडली होती. दार ओरबाडून बोटं सोललेली. बाळ पोटातच."

खर्र... खर्र... मिकिओनच्या कानात सुरू झालं.

"आत कुणी नसेल, मावशी," तो कसाबसा म्हणाला. "खेचरं असतील."

"खेचरं दिवा लावत नाहीत, बाबा. फटीतून उजेड येत होता. आणि कडी आतून होती."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधाची पोळी काढून देवाचे साप येतात त्या बिळापाशी ठेवायला ती उठून गेली.

मिकिओनच्या तोंडाशी आलं होतं. सगळं. त्या रात्री सिमाकोस पाऊस झटकत आत डोकावला होता आणि म्हणाला होता, कडी लाव. बाई बाळंत होतेय, आत आली तर माल विटाळेल, शेठ तुला उभा सोलेल. मिकिओननं कडी लावली होती. घोंगडी कानांवर ओढून तो लोकरीच्या गठ्ठ्यांत शिरला होता. आवाज दाराच्या अगदी खालून येत होता, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. खेचरं बुजली तेव्हा तो अंधारातच पुटपुटला होता, "गप्प, राजा, गप्प. जाईल ती." पहाटेपर्यंत आवाज खरंच थांबला होता. पुढच्या मुक्कामी तो त्याच्या कानात सुरू झाला.

हे सगळं तोंडाशी आलं, आणि अंजिराबरोबर त्यानं ते गिळून टाकलं.

रात्री ओसरीत पाल्यावर अंथरुणं पडली. पुरुष भिंतीकडे, बायका खांबांकडे. सेवकानं दिवे विझवले. "डोळे मिटा," तो म्हणाला. "काही ऐकू आलं तरी बोलू नका." मग फक्त श्वास ऐकू येत राहिले. तेलाचा, जखमांच्या पट्ट्यांचा, चुरगळलेल्या पाल्याचा वास. दिवसभराच्या उन्हानं फरशी अजून कोमट होती. शेजारी सिमाकोस आपलं पोट दोन्ही हातांनी सांभाळत घोरत होता.

मिकिओनला झोप लागली की नाही, हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

थप्...

ओल्या पावलाचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, थप्... आणि त्यामागून ओला वारा आला. त्या वाऱ्याला हिवाळ्याचा वास होता, भिजलेल्या लोकरीचा, भिजलेल्या खेचरांचा.

ती खांबांमधून आली. एक हात कमरेवर, पाय फाकवून, भरल्या दिवसांची बाई चालते तशी जड चालत. पोट मात्र रिकाम्या पोत्यासारखं सपाट. केसांतून पाणी ठिबकत होतं. ती सिमाकोसपाशी सावकाश गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपला कान त्याच्या पोटावर टेकला. सिमाकोस झोपेतच हसला. देव आला, असं वाटलं असावं त्याला.

पलीकडच्या रांगेतून हलकेच आवाज आला. निकारेताचा.

"भरले का गं दिवस?"

"पहाटे..." ती म्हणाली.

मग तिनं मान वळवली. मिकिओनला डोळे मिटायचे होते, मिटेनात. ती त्याच्याकडे आली, वाकली. बोटांना नखं नव्हती. तिनं आपली थंडगार करंगळी त्याच्या डाव्या कानात घातली आणि किल्ली फिरवावी तशी हळूच फिरवली.

कानातला आवाज थांबला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पहाटे सिमाकोसच्या किंकाळीनं सगळी ओसरी जागी झाली. तो पाठीवर पडून टाचा घाशीत होता. अंगावरचं वस्त्र बाजूला झालं होतं, आणि ताणलेल्या कातडीखालून काहीतरी इकडून तिकडे सरकत होतं. थोरला पुजारी दिवा घेऊन धावत आला. त्यानं एकदाच पाहिलं आणि मागं सरला.

"बाहेर न्या याला."

"मला?" सिमाकोस ओरडला. "अरे, मी... मी कारभारी आहे!"

"मरत असशील तर बाहेर. आणि जर..." पुजाऱ्यानं वाक्य पुरं केलं नाही. "तरीही बाहेरच. नियम तूच शिकवलास या पोरांना."

सेवकांनी त्याला चादरीत घालून नेलं, दगडांच्या पलीकडे ठेवलं आणि हात झटकत परत आत येऊन उभे राहिले. निकारेता मात्र बाहेर गेली. तिच्यामागून मिकिओन. आपण का जातोय हे त्याला कळत नव्हतं.

उन्हाळ्यातली पहाट. आभाळ निरभ्र. आणि सिमाकोसचे दात कडाकडा वाजत होते, ओठ निळे पडले होते.

"आत घ्या... गारठलो मी... मिक्या, किल्ली तुझ्याकडे आहे. अतिथिघर उघड!"

तो कोपरांवर सरपटत दाराशी पोचला आणि खालची फळी ओरबाडू लागला. तोच आवाज. मिकिओन धावला. घाईत किल्ली दोनदा पडली. कुलूप निघालं. त्यानं दार ढकललं, खांदा लावला, लाथ मारली.

दार उघडेना. कडी आतून होती.

फटीतून दिव्याचा पिवळा उजेड येत होता. आत खेचरं खूर आपटत होती, आणि कुणीतरी त्यांना थोपटत हलक्या आवाजात समजावत होतं. आवाज मिकिओनच्या ओळखीचा होता. त्याचा स्वतःचाच होता.

"गप्प, राजा, गप्प. जाईल ती."

मिकिओन दारापासून मागं मागं येत खाली बसला.

"बाई!" सिमाकोसनं निकारेताचं पाऊल धरलं. "तू सुईण ना? सोडव मला. तुझ्या पाया पडतो."

ती त्याच्याजवळ टेकली. "माझी लेक याच उंबऱ्याशी होती. तिनं काय मागितलं होतं तुझ्याकडे, आठवतं?"

सिमाकोसनं डोळे किलकिले केले. आठवायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला, मिकिओननं पाहिलं.

"कोणती?" तो म्हणाला.

निकारेतानं आपले मोठे हात त्याच्या पोटावर ठेवले, जसे शेकडो बायांच्या पोटांवर ठेवले असतील. एका जागी दाबलं. थांबली. दुसऱ्या जागी दाबलं. आणखी बाजूला. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं.

"हे कोपर," ती पुटपुटली. "हेही कोपर... हे तिसऱ्याचं..." तिनं हात काढून घेतले. "मी एका लेकीचा सूड घ्यायला आले होते. तू किती जणींना बाहेर काढलंस रे?"

"सोडव..."

"नाही," ती म्हणाली. हात मांडीत घेऊन ती तशीच बसून राहिली. ऊन डोंगरावरून खाली उतरून त्याच्या पायांपर्यंत आलं तेव्हा सिमाकोसचं ओरबाडणं थांबलं होतं.

पोट हळूहळू बसत गेलं. त्याच्या अंगाखालून पाणी वाहत आलं. रक्ताचा थेंब नाही. नुसतं पाणी, आणि ते इतकं गार की मिकिओनचं पाऊल त्यात बुडालं तशी त्याला कळ आली. अतिथिघराचं दार आपोआप कुरकुरत उघडलं. आत खेचरं होती. माणूस नव्हता, दिवाही नव्हता.

"मावशी," मिकिओन म्हणाला. "त्या रात्री आत... मी होतो."

"कान बरा झाला ना?"

"हो."

"मग चल. मला घरापर्यंत सोड."

वाटेत ती एका खेचरावर बसली होती. मिकिओन लगाम धरून चालत होता. उतारावर मागची दोन रिकामी खेचरंही धापा टाकत होती, पाय जपून टाकत होती. ऊन आहे, असं मिकिओननं मनाला सांगितलं. दुपारी तिच्या गावाबाहेरच्या घरापाशी ती उतरली. मग मागच्या खेचराकडे गेली, रिकाम्या पाठीकडे तोंड करून तिनं दोन्ही हात वर केले. काहीतरी तोलून खाली घेतलं. कडेवर बसवलं. त्या भारानं ती एका अंगाला किंचित कलली.

"माझं मी उतरवून घेतलं," ती म्हणाली. "बाकीच्यांना तू सोड."

"बाकीचे कोण?... मावशी, कुठं सोडू? मला काय ठाऊक कुणाचं कोण?"

ती घरात गेली. दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मिकिओन भर उन्हात उभा राहिला. मग त्यानं घाईघाईनं खेचरांवरची खोगिरं सोडली, घोंगड्या काढल्या, पाण्याच्या पखालीही काढून जमिनीवर टाकल्या. त्यांच्या अंगावर काही म्हणता काही उरलं नाही. तरी खेचरांच्या पाठी वाकलेल्याच राहिल्या.

तो बघत असतानाच पुढच्या खेचराच्या कुशीवरची लव आत दबली. दोन्ही बाजूंना, छोट्याशा जागी, एकाच वेळी. पुन्हा दबली. जरा जोरात. पाठीवर बसलेली पोरं टाचा मारतात तशी.

खेचरानं कान मागं टाकले आणि करिंथची वाट सोडून ते डावीकडच्या पायवाटेला लागलं. त्या वाटेनं मिकिओन जन्मात कधी गेला नव्हता.