जास्तीची ओळ

"हा प्रोग्राम ज्याने लिहिलाय ना, त्याचा हात कुणीतरी असाच पिरगळला पाहिजे," ती म्हणाली आणि समोरच्या नव्या पेशंटचं मनगट हलकेच वळवलं.

"पिरगळताय की," तो म्हणाला.

तिचा हात जागच्या जागी थांबला.

फिजिओथेरपीच्या त्या लहानशा खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर व्यायाम मोजणारा फुकटचा प्रोग्राम. पेशंट दम खायला जरा थांबला, की आकडा परत शून्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजोबा त्या शून्याकडे बघून हिरमुसायचे. "सगळं पाण्यात गेलं गं पोरी," म्हणायचे. तिचा जीव तुटायचा. आणि त्या शून्याचा जन्मदाता आज, प्लास्टर काढून, आयता तिच्या हातात सापडला होता.

"मग चूक दुरुस्त का नाही करत?"

"मुद्दाम ठेवलीय."

तिने मनगट आणखी जरा वळवलं.

"ओपन सोर्स आहे. कोड सगळ्यांना उघडा, कुणीही बदल सुचवावा. सोप्या चुका आम्ही जुने लोक नव्यांसाठी राखून ठेवतो. सुरुवात करायला काहीतरी हवं ना?"

"आणि तोवर आमच्या आजोबांनी रडायचं?"

त्याचा चेहरा उतरला. "हे... डोक्यातच नाही आलं. आजच करतो."

"राहू द्या. मी करते."

बोलून गेली आणि स्वतःच हबकली. कोडमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

मग रोज मनगट तिच्या हातात आणि शंका तिच्या ओठांवर.

"उत्तर सांगा ना."

"अंहं."

"अजून वळवू?"

"आई गं... फाइल सांगतो. ओळ तुम्हीच शोधायची."

हसला की त्याचा एकच डोळा बारीक व्हायचा. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं – मनगटराव. मनगट मात्र भराभर सुधारत होतं. पेशंट बरा होतोय म्हणून वाईट वाटणारी आपण जगातली पहिलीच थेरपिस्ट, असं वाटून ती स्वतःवरच चिडायची.

एका दुपारी ओळ सापडली. आता थांबलं तरी आकडा टिकत होता. व्यायाम संपल्यावर शाबासकी दिसते का, हे बघायला तिने गंमत म्हणून काहीतरी टाइप केलं, हसली, आणि आनंदाच्या भरात बदल पाठवून दिला.

सकाळी इंटरनेटवर प्रोग्रामचं पान उघडलं आणि हातातला चहा हातातच राहिला. दुरुस्तीखाली, साऱ्या जगासमोर, तिची ओळ लखलखत होती –

'शाब्बास, मनगटराव. आता बरे होऊ नका, येणं बंद होईल.'

खोडायची राहिली होती. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी ती वाचली होती. एकाने विचारलं होतं, 'दुरुस्ती झकास. पण मनगटराव कोण?' आणि त्याखाली खुद्द मनगटरावांचा शेरा –

'आकड्याची दुरुस्ती बरोबर आहे. शेवटच्या ओळीवर मी निर्णय देऊ शकत नाही, माझा त्यात स्वार्थ आहे. दुसऱ्या कुणीतरी तपासावं.'

तिने ते पुन्हा वाचलं. पुन्हा... कानशिलं भाजून निघाली. तिने ती ओळ काढली, बदल परत पाठवला. दुसऱ्या कुणीतरी तो मंजूर केला.

शेवटच्या दिवशी तो आला, तेव्हा ती टेबल, खिडकी, भिंत, सगळीकडे बघत होती. मनगट तपासलं. ठणठणीत.

"ओळ काढलीत तुम्ही."

"प्रोग्राममध्ये शोभत नव्हती."

"खोटी होती?"

तिने मान वळवली. पलीकडे आजोबा दम खात होते आणि पडद्यावरचा आकडा इमानाने उभा होता.

"मी घरी व्यायाम करतच नव्हतो," तो हळूच म्हणाला. "तरी हे मेलं बरं झालं."

"काय? मी रोज घसा फोडून सांगत होते, आणि तुम्ही..."

"रागवा. पण आता तुमच्याकडे परत कसं यायचं, ते सांगा."

तिने त्याचं मनगट टेबलावर टेकवलं. सोडलं मात्र नाही.

"पेशंट म्हणून तुमचं येणं आजपासून बंद," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "दवाखाना बंद झाला की... बाहेर थांब."

आजोबांनी चटकन तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे मात्र हसत होते.