अंधारातसुद्धा ओळखेन

शनिवारी दुपारची जेवणं आटपली की हिल्मा कांगास लाकडं आणायला मागच्या दारी निघायची. आमच्याकडे तळ्याकाठी शनिवार म्हणजे सौना. एक वेळ चर्च चुकेल, सौना चुकायची नाही. बुटकी लाकडी खोली, कोपऱ्यात दगड रचलेली शेगडी, भिंतीला खाली-वर दोन बाक. दगड तापले की त्यांवर डावाने पाणी मारायचं, वाफेत बसायचं आणि आठवडाभराचा शीण घामावाटे काढून टाकायचा. सगळ्यांचं झालं, की शेवटचा डावभर पाणी ओतून मुकाट बाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं. ती शेवटची वाफ आपली नसते, गेलेल्यांची असते. त्या वाफेत आपण बसायचं नाही. हे कोणी शिकवत नाही. आई करते म्हणून लेक करते.

हिल्माचा नवरा आर्वो गेला त्याला आता चार हिवाळे झाले होते. तिन्हीसांजेला तो फाटकापाशी फावड्याने बर्फ ओढत होता. एक ट्रक आला, त्याला उडवून पुढे जाऊन थांबला. चालवणारा खाली उतरला, पडलेल्या आर्वोकडे त्याने बघितलं, मग मान वर करून घराकडे बघितलं. हिल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत उभी होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता. दोघांची नजरानजर झाली, आणि तो ट्रकमध्ये चढून निघून गेला. बस, एवढंच. पापणी लवेपर्यंत सगळं आटोपलं.

पुढे पोलिसांतल्या माणसाने याच स्वयंपाकघरात, याच टेबलावर, सहा फोटो मांडले. हिल्माने कितीतरी वेळ बघितलं आणि एकावर बोट ठेवलं. म्हणाली, ‘बहुतेक हा.’ त्या माणसाने सुस्कारा सोडला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. “छान केलंत, कांगासबाई. आम्हालाही याचाच संशय होता.”

झालं! त्या ‘छान केलंत’पुढे बिचाऱ्या ‘बहुतेक’ची काय कथा? फोटोतला माणूस म्हणजे डेल लाबेल, शेजारच्या गावचा, दारूपायी दोनदा आत जाऊन आलेला. सरकारी वकिलाने हिल्माकडून साक्ष घोटून घेतली. दर वेळी तिला तो चेहरा जास्त स्वच्छ दिसायला लागला. भुवईवरचा व्रणसुद्धा दिसला, जो त्या संधिप्रकाशात, त्या बर्फातून घारीलाही दिसला नसता. कोर्टात विचारलं, खात्री आहे का? समोर निकाल देणारी ज्युरी बसली होती, तुमच्याआमच्यासारखी बारा माणसं. त्यांच्याकडे बघत हिल्मा म्हणाली, “हा चेहरा मी अंधारातसुद्धा ओळखेन.”

डेल लाबेल तुरुंगात गेला. लोक म्हणाले, न्याय झाला. हिल्मालाही तसंच वाटलं. पण हळूहळू एक विचित्र गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. आर्वोचा खोकला तिला आठवायचा, तंबाखूचा वास आठवायचा, करवतीच्या कारखान्यात अनामिका तुटलेला त्याचा डावा हात तर स्वप्नातही यायचा. चेहरा मात्र येत नव्हता. डोळे मिटून आर्वो म्हटलं, की डेल लाबेल समोर उभा! फोटो म्हणावेत तर आर्वोला त्यांचा भारी तिटकारा. प्रत्येक फोटोत एक तर टोपी डोळ्यांवर, नाही तर मान वळवलेली. लग्नातला एक धड होता, पण त्यातलं ते कोवळं पोर हिच्या ओळखीचंच वाटेना. जन्मभर ज्याच्या तोंडाकडे बघून सकाळची कॉफी घेतली, त्याचंच तोंड हरवावं! हिल्मा त्यासाठी रात्र रात्र तळमळायची. तिला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्याचा चेहरा बघायचा होता.

म्हणूनच त्या शनिवारी तिने कधी केलं नव्हतं ते केलं. शेवटचं पाणी दगडांवर ओतलं, दार आतून ओढलं आणि खालच्या बाकावर बसून राहिली.

खोलीत काळोख होता. शेगडीच्या फटीतून तेवढी लाल रेघ दिसत होती. दगड चुरचुरले, वाफ छताला लागून खाली उतरली... आणि वरचा बाक करकरला. माणूस टेकल्यावर करकरतो तसा. मग सौनात अंगावर झोडायच्या बर्चच्या पानांचा वास आला, तंबाखूचा आला, आणि तो खोकला. हिल्माने मागे वळून बघितलं नाही. वळले तर जाईल, असं तिला वाटलं. वाफ विरेपर्यंत ती तशीच बसली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पुढचे काही शनिवार असेच गेले. पण माणसाचं मन ते, एवढ्यावर थोडंच भागतं? एके दिवशी ती वळली.

खांदे आर्वोचे होते. गुडघ्यावर ठेवलेला हात आर्वोचा होता, अनामिका नसलेला. वर चेहरा डेल लाबेलचा होता, भुवईवरच्या व्रणासकट. त्या तोंडातून आर्वोचा आवाज आला, हळू, लाडात यायचा तसा.

“अंधारातसुद्धा ओळखशील ना... म्हातारे?”

हिल्मा तशीच अनवाणी बर्फातून घरात पळाली.

हे सांगायचं कोणाला? तिला लेम्पी आठवली. लेम्पी त्या बारा जणांतली एक, डेलच्याच गावची. खटल्यानंतर चर्चच्या जेवणात दोघींची ओळख झालेली. खटल्याचा विषय मात्र दोघींनी कधी काढला नव्हता. हिल्माने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला, आणि सौनातलं काही न सांगता एवढंच विचारलं, की निकाल ठरवताना ज्युरीच्या खोलीत तुमचं काय बोलणं झालं?

लेम्पीने पावाचा तुकडा कुस्करला. मग म्हणाली, सुरुवातीला निम्म्याहून जास्त जण डेलला सोडा म्हणत होते. त्याच्या ट्रकवर साधा ओरखडा नव्हता, पोरगा घरीच होता असं त्याची आई रडून सांगत होती.

“पण तू ते वाक्य बोललीस ना गं. कोणीतरी म्हणालं, बिचारी बाई खोटं कशाला बोलेल? अगं, खोटं कोण म्हणत होतं? चुकली असेल, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायला कोणाची जीभ रेटेना. एकेक जण दोषी म्हणणाऱ्यांकडे गेला. शेवटी मी एकटी उरले, आणि सगळे माझ्याकडे बघत बसलेले. केला मीही हात वर.”

“तुला काय वाटत होतं?” हिल्माने विचारलं.

“डेल त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या दुकानात कामाला होता, हिल्मा. तू वाटेवरचा बर्फ वितळवायला मीठ न्यायचीस तिथून. पोतं उचलून तुझ्या गाडीत तोच टाकायचा. चेहरा ओळखीचा वाटणारच ना तुला... होताच तो ओळखीचा.”

कॉफी तशीच गार झाली. हिल्माला ते दुकान आठवलं, ते पोतं आठवलं, ‘सांभाळून जा हं आजी’ म्हणणारा तो पोरगा आठवला. खिडकीतून दिसलेला माणूस कसा होता, ते मात्र काही केल्या आठवेना. तिथे नुसता बर्फ पडत होता.

डेलच्या बाजूची एक नवी वकीलबाई वर्षभर फोन करत होती, आणि हिल्मा दर वेळी तो आपटून ठेवत होती. आता तिला फोन करायचा, हे सरळ होतं. पण हिल्माचा हात धजेना. आपण साक्ष मागे घेतली, तो चेहरा आपल्या डोळ्यांतून पुसला, आणि त्याच्याबरोबर आर्वोही यायचा बंद झाला तर? परका चेहरा घेऊन का होईना, येत तर होता! तुम्ही तिला नावं ठेवाल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शनिवारी ती पुन्हा आत बसली. बाक करकरला. या वेळी तिने डोळे मिटून हात मागे नेला आणि तो तुटक्या बोटाचा हात धरला. उबदार होता. असंच चालू दे, असं तिच्या मनात आलं; डोळे मिटून राहायचं, झालं. तेवढ्यात तिच्या मनगटावर काहीतरी टपकलं. तिने वर बघितलं. डेल लाबेल रडत होता, हुंदका दाबून, खालचा ओठ चावून. आर्वो कांगास आई गेली तेव्हाही रडला नव्हता. ही आसवं त्याची नव्हती.

सोमवारी हिल्माने वकीलबाईला फोन लावला. म्हणाली, “पहिल्यांदा मी ‘बहुतेक’ म्हणाले होते. तेवढंच खरं होतं.” मग फोन ठेवून ती टेबलावर डोकं टेकून ढसढसा रडली. डेलसाठी, त्याच्या आईसाठी, आणि खरं सांगायचं तर जास्त करून स्वतःसाठी.

तो शनिवार उजाडला. तिने लाकडं आणली, दगड तापवले. शेवटचं पाणी ओतलं. दगड चुरचुरले. वाफ खाली उतरली. मग नुसती शांतता... हिल्मा उठायला लागली, आणि वरचा बाक करकरला.

या वेळी ती लगेच वळली.

वाकडं नाक. पांढरे खुंट. डाव्या गालावरची ती खळी, जी आहे हेसुद्धा ती विसरून गेली होती. किती दिवसांची तहान, ती डोळ्यांनी पीत राहिली.

“आर्वो...” ती पुटपुटली. “तूच ना रे?”

तो तिच्याकडे बघत राहिला, कितीतरी वेळ, तिने ते सहा फोटो बघितले होते तसा.

“बहुतेक,” तो म्हणाला.

मग त्याने डावा हात पुढे करून तिचा हात धरला. त्या हाताला सगळी बोटं होती, अनामिकासुद्धा. हिल्माने ती एकेक चाचपली, आणि हात सोडला नाही.