यादीतून पळालेल्या गाई

"काका, माझी बिहोगो कुठे गेली?" निन्सिमाने विचारलं.

"गोठ्यात बघ." करुहांगा काका म्हणजे गावातल्या गुरेवाल्यांच्या मंडळाचे चिटणीस.

"गोठ्यात आहे हो. यादीतून गेली!"

खरंच की. निन्सिमाच्या मावशीने नव्या लॅपटॉपवर यादी करून प्रत्येक गाईपुढे तिचा फोटो लावला होता. आता नुसती नावं, पुढे कोरे चौकोन. आणि आमच्यात गाईला नाव रंगावरून. तांबडी ती बिहोगो, गावात अशा अकरा! निन्सिमाची एवढी दांडगी, की एका शिंगावरच्या कावळ्याची हाक दुसऱ्या शिंगावरच्याला ऐकू जात नसे. पण फोटोशिवाय मबरारा शहरातल्या गुरांच्या प्रदर्शनात घेतोय कोण? नोंदणी तर दुपारी बंद होणार.

"तुम्ही पोरांनीच बटणं दाबली असणार. सुट्टीत दुसरं काम काय!" काका म्हणाले.

"आमचीच गाय आम्ही कशाला पळवू?" तुम्वीने नावाचा निन्सिमाचा मावसभाऊ म्हणाला.

दोघांनी मावशीचा लॅपटॉप उघडला. मूळ यादीत सगळ्या गाई जागच्या जागी. मग मधे यादी गेली कुठे? काकांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर! मंडळाचा क्रमांक स्वतः घातल्याशिवाय काका काही बाहेर सोडत नसत.

निन्सिमाने यादीची नक्कल केली आणि त्यात एक फोटो वाढवला.

"काका, तुमचाही फोटो लावलाय. क्रमांक घालता?"

काका खुलले. त्यांनी क्रमांक घातला. पडद्यावर एक चौकट आली, काकांनी टिचकी मारली.

"काय विचारलं त्याने?"

"रोजच विचारतं. मी हो म्हणतो, की गप्प बसतं."

तीच यादी लॅपटॉपवर उघडली. गाई गायब, काकाही गायब.

"काका, तुम्हीपण चरायला गेलात," तुम्वीने म्हणाला.

काकांनी परत करून बघितलं. या वेळी निन्सिमाने चौकट मोठ्याने वाचली. "'या जुन्या आवृत्तीत फोटो जतन होणार नाहीत. तरी पुढे जायचं?'"

काका कान खाजवत राहिले. मग मावशीच्या लॅपटॉपपुढे बसले, मूळ यादीत क्रमांक घातला आणि नोंदणी बंद व्हायला दहा मिनिटं असताना ती पाठवली.

"मी वर्षानुवर्षं हो म्हणत आलो," ते म्हणाले, "आणि वाचलं या पोरीने. शाबास गं!"

प्रदर्शनात बिहोगोला आत घ्यायला फाटकाचे दोन्ही खांब उपटावे लागले. खोटं वाटतंय? जा, खड्डे बघून या.