तीन हातांचा पाहुणा आणि दोनशे चाळीस फोटो

"आजोबा, काल संध्याकाळचे दोनशे चाळीस फोटो पाहिले. एकसुद्धा धड नाही. सगळ्यांवर रांगोळी सांडल्यासारखे नुसते ठिपके! मग तुमच्या भिंतीवरचा तो देखणा फोटो याच दुर्बिणीतून आला कसा?"

ही केतकी. आमच्या खालच्या मजल्यावर राहते. वय अकरा, शंका अकराशे. साल २०७१, गाव नाशिक, ठिकाण आमच्या सोसायटीची गच्ची. तिथं मी, माझी दुर्बीण आणि ती धरून उभा असलेला यंत्रमानव दगडू. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सरकतं. ते सरकेल तितकीच दुर्बीण सरकवायची, हे दगडूचं काम. इतका निमूट उभा राहतो की गेल्या वर्षी कबुतरानं त्याच्या डोक्यावर घरटं केलं. तीन पिल्लं झाली. बारसं मीच केलं.

"थाप!" केतकी म्हणाली.

"दोन पिल्लं," दगडू म्हणाला. "बारसं झालं नाही."

असे साक्षीदार असल्यावर माणसानं बोलावं तरी काय! मी मुद्द्यावर आलो.

"मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे (तेजोमेघ म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग, त्यात नवे तारे जन्मतात). त्याचा उजेड अगदी फिका. त्यात आपल्या शहराचे दिवे. त्यामुळे एका फोटोत तो गोंगाटात बुडतो (गोंगाट म्हणजे कॅमेऱ्यात कसेही, कुठेही उमटणारे खोटे ठिपके). आता सांग, तुला एकोणतीसचा पाढा येतो?"

"अर्धा."

"वर्गात कुणालाच पुरता येत नाही. पण सगळे एकदम म्हणा आणि मला दाराबाहेर उभं करा. मला बरोबर पाढा ऐकू येईल! का?"

केतकीनं वेणीचं टोक दातात धरलं. "कारण... प्रत्येकाची चूक वेगळी. बरोबर उत्तर मात्र सगळ्यांचं एकच!"

"शाब्बास. तेजोमेघ प्रत्येक फोटोत त्याच जागी, ठिपके दर वेळी वेगळ्या जागी. सगळे फोटो एकावर एक ठेवून सरासरी काढली की तेजोमेघ टिकतो, ठिपके विरतात. शंभर फोटो घेतले तर गोंगाट दहापट कमी. शिवाय एखाद्याच फोटोत विमान आलं, तर दगडू ते गाळून टाकतो. जे एकदाच दिसलं, ते खोटं."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि माझी नजर पाण्याच्या टाकीकडे वळली.

"काय झालं, आजोबा?"

"त्या भिंतीवरच्या फोटोच्या वेळी एक पाहुणा आला होता. थेट त्या तेजोमेघाकडून, पाण्याच्या टाकीवर उतरला. घागरीएवढा, जांभळा, तीन हात. येऊन नेमका दुर्बिणीसमोर उभा राहिला आणि तिन्ही हात हलवू लागला. तीस सेकंदांचा फोटो चालू होता गं! मी खेकसलो, 'अहो, बाजूला व्हा! फोटो खराब होतोय!' त्यानं हात खाली केले आणि गेला. एवढ्या लांबून आलेल्याला मी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही."

"तेजोमेघ तर तेराशे प्रकाशवर्षं दूर (उजेडालाच यायला तेराशे वर्षं लागतात). मग तो आला कसा?"

"हेच विचारायचं राहिलं."

केतकी हसली नाही. तिनं दगडूकडे पाहिलं. "दगडू, खरं?"

"काम चालू असताना मी फक्त फोटो पाहतो. त्या रात्री क्रमांक एकशे त्र्याहत्तरच्या फोटोत काहीतरी मोठं होतं. एकदाच दिसलं म्हणून गाळलं. नंतर जागा अडते म्हणून आजोबांनी मूळ फोटो पुसायला लावले. काय होतं ते आता सांगता येत नाही."

जन्मभर मी थापा मारल्या आणि लोकांनी त्या मजेत ऐकल्या. पुरावा हवा होता तो एकदाच, आणि तो मीच पुसला. तेही एक वेळ सोडा. त्या बिचाऱ्याचे खाली आलेले तीन हात काही डोळ्यांपुढून जात नाहीत.

"मला त्याला 'चुकलो' म्हणायचंय," मी म्हणालो. मोठी बॅटरी उचलली, मृगाकडे रोखली आणि तीनदा उघडझाप केली. एकेका हातासाठी एकेकदा.

"एकदाच?" केतकी म्हणाली. "अहो आजोबा, तुमचा उजेड केवढासा! तिथं कुणी फोटो काढत असेल, तर एका फोटोत तो गोंगाटात बुडणार. आणि एकदाच दिसलं म्हणून त्यांचा दगडूही गाळून टाकणार!"

मी बॅटरी तिच्या हातात दिली.

तेव्हापासून मृग वर आला की आम्ही रोज तशीच तीनदा उघडझाप करतो. तीच जागा, तोच वेग. केतकीनं दगडूला नवी आज्ञाही दिली आहे: जे एकदाच दिसेल ते पुसायचं नाही, वेगळं ठेवायचं.

काल आमचं एकतिसावं 'चुकलो' गेलं. पहिलं पोहोचायला अजून तेराशे वर्षं आहेत. एक महिना कमी.