खांबाआडची करकोची

पडदा वर गेला, दिवे विझले, आणि तेवढ्यात ती आली. सँडलचा पट्टा जिन्यातच तुटलेला, म्हणून एक पाय ओढत. हातात टपटपती छत्री. सगळ्यात वरच्या सज्ज्यातली ती शेवटची रांग. माणसं पाय आखडून, मांडीवरचे कोट सावरून तिला वाट देत होती, आणि ही बया कुणाला ‘माफ करा’ म्हणेल तर शपथ. मान ताठ, डोळे समोर. जणू उशीर तिला झालाच नव्हता, पडद्यालाच घाई होती.

आणि खुर्चीत बसली ती थेट एका अनोळखी माणसाच्या टोपीवर.

त्याने टोपी मागितली नाही. मागणार कशी? ती श्वास रोखून बघत होती... तोंड किंचित उघडं, नाचणारीनं हात उचलला की हिची बोटं छत्रीच्या मुठीवर उचलली जायची. अशा बाईला ‘जरा उठता का’ म्हणायचं म्हणजे झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण ओढण्यासारखं. मध्यंतर झालं तोवर टोपीचा पार चेंदामेंदा झाला होता.

“बोलला का नाहीत?” तिने विचारलं. माफी नाहीच, वर जाब.

“बोललो असतो तर ऐकलं असतंत?”

ती हसली. तोंडावर हात ठेवून हसायची तिची सवय होती.

ही मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची. भिंगं घासायची, चौकटीत बसवायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून विचारायची, दिसतं का आता नीट? जगाला नीट दिसावं म्हणून झटणारी, आणि स्वतः लहानपणापासून अर्धाच रंगमंच बघत आलेली. त्याला कारण तो खांब. जाडजूड, लोखंडी, दोन खुर्च्यांच्या बरोबर समोर उभा. डाव्या खुर्चीवरून रंगमंचाची डावी बाजू दिसायची, उजवीवरून उजवी. अक्कल शाबूत असलेला माणूस त्या खुर्च्या विकत घेत नसे, म्हणून तर डावी तिला मिळाली.

आईबाप गेले तेव्हापासून आत्याने तिला वाढवलं होतं. आत्या त्याच थिएटरात तळमजल्यावर, लोकांचे कोट आणि छत्र्या सांभाळायच्या खोलीत कामाला. पोरीला ठेवणार कुठे? खांबामागच्या डाव्या खुर्चीवर. तिथे बसून त्या पोरीने पहिल्यांदा बॅले पाहिला. माणसाची जात अंगठ्यावर उभी राहून वाऱ्यासारखी फिरते, पायांचा आवाज होत नाही, आणि नुसत्या मान वळवण्यात कुणाचं घर उजाडतं हे कळतं... ती त्या दिवशी जी वेडी झाली, ती झालीच. मोठी झाली, पगार मिळवू लागली, तरी रविवारचा दुपारचा खेळ आणि तीच खुर्ची. बाजूची उजवी बऱ्याचदा मोकळी असायची, तिकडे सरकावं असं मनात येत नव्हतं का? येत होतं. पण भक्त माणूस देव बदलत नाही आणि जागाही बदलत नाही.

टोपीवाला होता जनावरांचा डॉक्टर. मांजरीला बरं केलं म्हणून एका म्हातारीने त्याला तिकीट दिलेलं. बॅले कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी करकोच्यांचा खेळ होता. पांढऱ्या कपड्यांतला मुलींचा थवा समुद्रापार निघतो, आणि थव्याच्या राणीचा जीव एका नावाड्यावर जडतो. शेवटच्या अंकाआधी राणी उजवीकडे धावते आणि खांबाआड जाते. ती कुठे जाते, हे या मुलीला आजवर नीट कळलेलं नव्हतं. तिने डॉक्टरला विचारलं, “तुमच्या बाजूला काय झालं?”

डॉक्टरची पंचाईत झाली. त्याने रंगमंच पाहिलाच नव्हता. तो आधी टोपीकडे बघत होता, मग टोपीवर बसलेलीकडे. पण समोर हे दोन डोळे असे आशेने उघडलेले, की ‘बघितलं नाही’ म्हणायला जीभ रेटेना. मग जे पाहिलं होतं तेच त्याने सांगून टाकलं.

“थव्यात एक मुलगी उशिरा आली,” तो म्हणाला. “अगदी मागून... एक पाय जरा ओढत. बाकीच्यांनी सरकून तिला जागा दिली. पण मान अशी ताठ, की वाटावं थवाच तिच्यासाठी थांबला होता.”

ती थक्क झाली. इतकी वर्षं हा खेळ ती पाहत होती आणि तिला पत्ताच नाही!

म्हातारीची मांजर एकदाच आजारी पडली, पण डॉक्टर मात्र दर रविवारी येऊ लागला. स्वतःच्या पैशाने, उजव्या खुर्चीवर. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. नवी टोपी तो मांडीवर घट्ट धरून बसायचा. मध्यंतरात ती त्याला डावा रंगमंच सांगायची... कुणाची उडी कशी पडली, कुणाचा हात कसा पाण्यासारखा ओघळला. आणि मग खांबाला टेकून विचारायची, “आज आली का ती?”

आलेली असायची. कधी तिचे केस पिनेतून सुटलेले, कधी बोटाला चिकटपट्टी. एकदा ती मध्येच हसली होती, तोंडावर हात ठेवून. खेळ कुठलाही असो, राजवाड्याचा असो की जंगलाचा, ती उशिरा येणारी त्यात असायचीच. चष्मेवालीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला: मंडळीत असेल कुणी गरीब बिचारी, पाय अधू झालेला, मालकाने दया येऊन ठेवली असेल. तिचा त्या मुलीवर जीव जडला. भिंगावरचा केसाएवढा ओरखडा पकडणारी ही, पण इथे तिला शंका शिवली नाही. बॅलेबद्दल कुणी खोटं बोलेल, हे तिच्या डोक्यात बसणारच नव्हतं.

“तुम्हाला आवडते वाटतं ती?” एकदा तिने विचारलं.

“मला ना... दुसरं काही दिसतच नाही,” डॉक्टर म्हणाला, आणि गोळी तोंडात टाकून खोकत बसला.

अशात आत्याने स्थळ आणलं. पडद्यांचा मोठा व्यापारी, वागायला सज्जन, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावर, बरोबर मधोमध, त्याच्या वडिलांपासून चालत आलेल्या दोन कायमच्या खुर्च्या. आत्याने त्याचा कोट वर्षानुवर्षं सांभाळला होता. अस्तरावरून माणूस ओळखणारी बाई ती. पोरगी कुरकुरली तेव्हा आत्या म्हणाली, “जन्मभर मी मधल्या लोकांचे कोट उचलले. खेळ कधी पाहिला नाही, नुसत्या टाळ्या ऐकल्या. आता माझ्या पोरीचा कोट कुणीतरी उचलू दे.”

आणि खरं सांगायचं तर पोरीलाही मोह होताच. अख्खा रंगमंच! उपाशी माणसाला भरलं ताट नको असतं का? ठरलं असं, की येत्या रविवारी तिने व्यापाऱ्याशेजारी बसून खेळ बघायचा, आणि खेळ संपल्यावर आत्याला हो की नाही ते सांगायचं.

डॉक्टरला तिने ते सगळं सांगितलं. तो बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिला.

“मग... तुम्हाला सगळंच दिसेल.”

“हो. तुमची ती सुद्धा.”

“नाही गेलात तर?”

“का?”

“काही नाही... खांबाला करमायचं नाही.”

ती वाट बघत राहिली, पण गडी पुढे बोलेना. गाईच्या पोटात हात घालायला न डगमगणारा माणूस, इथे शब्द बाहेर काढायला बिचकला. मग तिनेही मान ताठ केली.

रविवारी पुन्हा करकोच्यांचाच खेळ होता. ती मधल्या खुर्चीत बसली. मांडीवर पांढऱ्या फुलांचा गुच्छ, त्या उशिरा येणारीसाठी आणलेला. खेळ संपला की रंगमंचावर तिच्या पायाशी टाकायचा, असं तिने ठरवलं होतं. व्यापाऱ्याला वाटलं, फुलं आपल्यासाठी. तो बिचारा सुखावून बसला.

पडदा वर गेला आणि तिचे डोळे भरून आले. केवढा मोठा होता तो रंगमंच! डावीकडे हललेल्या हाताला उजवीकडून उत्तर मिळत होतं. आजवर तिने अर्धी हाकच ऐकली होती. राणी उजवीकडे धावली... आणि या वेळी कुठेही गेली नाही. तिथे एक नाव होती. निळसर धुक्यात हळूहळू डुलणारी. इतकी वर्षं ती नाव तिथेच होती, आणि डॉक्टरने तिला कधी नावेचं नावही सांगितलं नव्हतं.

तिने उजवी बाजू नजरेने पिंजून काढली. थवा आला, सगळा एकदम, एका दमात. एकही पाऊल मागे नाही. कुणी पाय ओढत नव्हतं, कुणी सरकून जागा देत नव्हतं.

मध्यंतराचे दिवे लागले. “छान चाललंय,” व्यापारी म्हणाला आणि संकोचून गुच्छाकडे हात नेला. तिने तो मागे ओढला. फुलं दुसऱ्या कुणाची तरी आहेत, एवढंच म्हणाली, आणि तरातरा जिना चढू लागली. वरच्या वळणावर घोटा मुरगळला. ती थांबली नाही. एक पाय ओढत, माणसांना गुडघे आखडायला लावत, खांबापर्यंत गेली.

डॉक्टर उजव्या खुर्चीवर होता. डावी रिकामी, आणि तीवर त्याने टोपी ठेवली होती.

“ती नाहीये,” ती म्हणाली. “कुठेच नाही. माझ्या बॅलेत तुम्ही खोटं घातलंत. हसायला मीच सापडले?”

“नाही हो. मी हसलो नाही.”

“मग कुठे आहे ती? दाखवा.”

तो उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. “मागून येते,” तो हळू म्हणाला. “एक पाय ओढत... केस सुटलेले. लोक सरकून जागा देतात, पण माफी म्हणून मागायची नाही. मला आजवर समोरचं काही दिसलंच नाही. डावीकडे बघत होतो मी. दर रविवारी.”

तिने खाली पाहिलं... आपल्या मुरगळलेल्या पायाकडे, खांद्यावर सुटलेल्या केसांकडे. रांगेतली माणसं अजून गुडघे आखडूनच बसली होती. घंटा झाली. कुणी तरी खाकरलं.

तिने गुच्छ त्याच्या छातीवर आपटला. त्याने तो घेतला, दोन्ही हातांनी नीट धरला, आणि परत तिच्याच हातात दिला.

“जिची आहेत तिला,” तो म्हणाला.

दिवे मंदावले. ती बसली, टोपीवरच बसली, आणि अंधारात कुजबुजली, “तुमच्या बाजूला नाव आहे. आज नीट बघा, आणि खरं सांगा.” त्याने बघतो म्हटलं. मग तिचा हात त्याच्या हातात आला, आणि त्या नावेचं शेवटी काय झालं ते दोघांनाही सांगता येणार नाही.

खेळ संपल्यावर दोघं जिना उतरून कोटांच्या खोलीशी आली. आत्याने व्यापाऱ्याला त्याचा कोट केव्हाच देऊन टाकला होता. तिने आधी फुलांकडे पाहिलं, मग चेंदलेल्या टोपीकडे.

“मधून कसं दिसलं?” तिने भाचीला विचारलं.

“पूर्ण दिसलं, आत्या.”

“मग?”

“त्यात मी नव्हते.”

आत्या आत गेली, खुंटीवरून भाचीचा कोट काढला, बाहीवरचा धागा झटकला. पोरीने हात पुढे केला, तर आत्याने तो बाजूला सारला आणि कोट डॉक्टरपुढे धरला.

“उचला,” ती म्हणाली. “आणि बघत काय बसलात, लंगडतेय ती. हातही द्या.”