अर्धा सेट

"अहो, काय चाललंय?"

मागून आवाज आला तेव्हा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी गाडीच्या मागच्या दाराला दोन्ही तळव्यांनी व्हायझर दाबून धरला होता. व्हायझर म्हणजे काचेच्या वर लावायची धुरकट प्लास्टिकची पट्टी. ती असली की पावसातही काच दोन बोटं खाली करून वारा घेता येतो. टेपनं चिकटवल्यावर मात्र ती दाबून धरावी लागते, आणि अशा वेळी साक्षात मोठे साहेब आले तरी मी वळून बघत नाही.

"दिसत नाही का? गाडी सजवतेय."

"ते दिसतंय. पण माझी का?"

मी वळले. दुमडलेल्या बाह्या, विस्कटलेले केस, हातात किल्ली. त्यानं किल्लीचं बटण दाबलं आणि माझ्या पाठीमागच्या गाडीनं डोळे मिचकावले. कोपऱ्यातल्या खांबाआडून माझी गाडी हे सगळं बघत होती. तोच राखाडी-हिरवा रंग, तीच बुटकी, गुटगुटीत ठेवण. सकाळी दादानं ती नेली होती आणि परत आणून भलतीकडेच लावली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"निदान नंबर तरी बघायचा," तो म्हणाला.

"पोटच्या पोराला कोणी नंबर बघून ओळखतं का?"

"ओळखलंत कुठं?"

माझी गाडी येऊन आठवडाच झाला होता, पण हे व्हायझर मी गाडीच्याही आधी घेऊन ठेवले होते. चंदेरी कड असलेला शेवटचा सेट. कंपनीनं ते बनवणंच बंद केलं होतं. डाव्या बाजूचे दोन्ही परक्या गाडीला लागले होते, आणि डावे उजवीकडे बसत नाहीत.

त्यानं पट्टीला हात घातला.

"ओढू नका, तुटेल," मी त्याचा हात धरला. धरला आणि... सोडायला थोडा उशीर झाला. "राहू दे ना. तात्पुरतं."

"तात्पुरतं," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यानंच सगळा घोटाळा केला.

खरं तर ते काढता येतात. केस वाळवायच्या मशीननं टेप गरम करायची आणि मागून पक्का दोरा करवतीसारखा फिरवायचा, की पट्टी अलगद हातात येते. हे मला पाठ होतं. पण मी गप्प बसले.

मी ह्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. तो तळमजल्यावर स्कॅनचं नवं मशीन बसवायला आलेला इंजिनीअर. गावोगावी मशीन बसवायचं आणि पुढच्या गावाला जायचं, असं त्याचं काम. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं आपली गाडी माझ्या गाडीच्या डावीकडे आणून लावली. माझ्या गाडीला आता फक्त उजवे व्हायझर होते, त्याच्या गाडीला फक्त डावे.

"बघा," तो म्हणाला, "दोन्ही मिळून एक सेट पुरा."

मी त्याच्या गाडीत डोकावले आणि हसू आवरेना. सीटवर अजून शोरूमचं प्लास्टिक होतं. बसून बघितलं तर चर्रचर्र आवाज.

"हे अजून काढलं नाहीत?"

"निघताना विकायचीच असते. जिथं जातो तिथं घेतो, निघताना विकतो. नवी दिसली की बरं असतं."

"प्लास्टिक काढल्याशिवाय गाडी आपली होत नाही, प्लास्टिकराव."

"म्हणूनच काढत नाही, टेपवाली."

आणि मग रोज सुट्टीत आम्ही माझ्या गाडीत डोकं घालून बसायला लागलो. चिखल अडवायचे फ्लॅप झाले, दारं उघडली की पायाशी लागणारे निळे दिवे झाले, टपावर सामानाचं कॅरिअर चढलं. दिव्यांची वायर ओढताना तो डॅशबोर्डखाली उताणा पडलेला आणि मी टॉर्च धरून वाकलेली.

"उजेड जरा इकडे... तिकडे नको, माझ्या तोंडावर काय बघताय?"

"घाम आलाय."

"मग पुसा की."

मी ओढणीच्या टोकानं पुसला. वायर सोडून तो माझ्याकडेच बघत राहिला, आणि माझ्या हातातला टॉर्च भलतीकडेच उजेड पाडत राहिला. दिवे लागले तेव्हा आम्ही दोघं पार्किंगमध्ये टाळ्या पिटत होतो.

"गाडीत आता फक्त गाडीच बसवायची राहिलीये," दादा घरी म्हणाला. आईनं मात्र रोज सुट्टीत दोन डबे का लागतात, एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोठा डबा दिला.

मशीन बसत आलं तशी मी सुट्टीची मिनिटं मोजायला लागले. माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, अगदी स्वच्छ, दुपारच्या उन्हासारखं, आणि तो जाणार होता. एके दिवशी डबा खाताना तो म्हणाला, "स्किनच्या डॉक्टरीणबाई गाडी घेतायत. त्यांची एकच अट आहे. एका बाजूचे व्हायझर काढा म्हणतात. गाडी एका कानातलं हरवल्यासारखी दिसते."

मी घास खाली ठेवला. "उद्या काढून देते," मी म्हणाले.

"निघतात?"

"निघतात."

त्यानं डब्याचं झाकण चारदा लावलं आणि उघडलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. केस वाळवायचं मशीन, पक्का दोरा आणि वॉचमनकाकांच्या केबिनमधून ओढलेली लांब वायर घेऊन मी त्याच्या गाडीपाशी उभी राहिले. पार्किंगला छप्पर होतं, नाहीतर डोळ्यांतलं पाणी लपवायला पावसाचा तरी आधार झाला असता. मशीन सुरू केलं, टेप ऊन झाली, दोरा आत सरकवला. हात मात्र पुढे जाईना.

"जमत नाहीये?" तो मागे उभा होता.

"जमतं. मला पहिल्या दिवसापासून जमतं. मी मुद्दाम बोलले नाही." एकदा तोंड उघडलं ते मिटेना. "हे निघाले की तुम्हाला माझ्या शेजारी गाडी लावायचं कारणच उरणार नाही, म्हणून बोलले नाही. तुम्ही मला आवडता. आता हसा."

तो हसला नाही. त्यानं मशीनचं बटण बंद केलं आणि दोऱ्याचं टोक माझ्या बोटांतून सोडवून घेतलं.

"मी मशीन बसवणारा माणूस आहे," तो म्हणाला. "चिकटवलेलं कसं काढतात, हे मला माहीत नसेल?"

"म्हणजे..."

"म्हणजे पहिल्याच दिवशी माहीत होतं. चल, बस गाडीत. चक्कर मारू."

त्यानं मला 'चल' म्हटलं हे माझ्या लक्षात यायच्या आत मी दार उघडून बसलेही होते. आणि मग कळलं. आवाज आला नाही. मी मुद्दाम पुन्हा हलले, सीटवर हात फिरवला. हाताला मऊ, उबदार कापड लागलं. मागच्या सीटवर प्लास्टिकचा चुरगळलेला ढीग पडला होता.

"डॉक्टरीणबाई?" मी विचारलं.

"त्यांना सकाळीच नकार दिला. आणि कंपनीलाही. पुढच्या गावी दुसरा माणूस जाईल. मी इथंच मशीनची देखभाल बघणार." त्यानं गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. "टेपवाली, मला आजपर्यंत काही चिकटवून घ्यायची भीतीच वाटायची. तू मात्र न विचारताच चिकटवून टाकलंस... लग्न करशील माझ्याशी?"

"गाडीचा नंबर बघून सांगते," मी म्हणाले, आणि त्याचा गिअरवरचा हात घट्ट दाबून धरला. टेप पकडेपर्यंत धरतात तसा.

गाडी छपराबाहेर पावसात आली. त्यानं आपली काच जराशी खाली केली, तर पाण्यानं त्याची बाही भिजली.

"बंद कर ना," मी म्हणाले.

"माझ्या बाजूला व्हायझर नाहीये. तुझ्या बाजूची उघड."

मी काच दोन बोटं खाली केली. गार वारा आत आला, पाण्याचा एक थेंबही आला नाही.