तीनशे अठरा नंबरचा वाचक

करंजगाव तालुक्यातल्या चौदा वाचनालयांत आता पुस्तक शोधावं लागतच नाही, माहितीये? दारात कार्ड टेकवलं की पडद्यावर येतं, आज हे न्या. आणि गंमत म्हणजे ते आवडतं! ही सगळी करामत तेजल मुळीकची. वय तेवीस, आणि कल्पना सुचली कधी, तर तापानं फणफणलेली असताना!

"शरीरात नवा जंतू शिरला की त्याच्याशी जुळणाऱ्या पेशी जाग्या होतात ना," ती ग्रंथपाल कारखानीस सरांना सांगायची, "तसं इथे नवा वाचक आला की त्याच्याशी जुळणारे जुने वाचक जागे होतात आणि त्यांचं वाचलेलं त्याला सुचवतात. पण हुबेहूब सारखे वाचक एकमेकांना दाबून टाकतात. नाहीतर सगळ्या गावाला तेच ते मिळेल."

"म्हणजे आम्ही गडकिल्लेवाले दाबले जाणार?"

"तुम्ही सगळ्यात आधी, सर!"

तर एकदा यंत्रानं सरांना चक्क मधमाश्यांवरचं पुस्तक दिलं. सर नाक मुरडत घेऊन गेले आणि महिन्याभरात गच्चीवर मधपेटी! कुणामुळे सुचलं हे, म्हणून तेजलनं पाहिलं, तर सभासद ३१८. आणि हा ३१८ तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येकाशी कुठे ना कुठे जुळत होता! कुस्ती, कविता, विणकाम, तारे, खुनाच्या गोष्टी, सगळं वाचणारा.

"या माणसाचा सत्कार करायचा," सर म्हणाले. शाल आली, नारळ आला. शनिवारी कार्यक्रम.

आमंत्रण द्यायला तेजल निघाली, तर पत्ता निघाला एसटी डेपोचा. विजेवरच्या गाड्या चार्ज व्हायला पाऊण तास लागतो. तिथल्या बाकड्यावर ड्रायव्हर-कंडक्टर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेले.

"तीनशे अठरा, ढोबळे कोण?"

एक मिशाळ ड्रायव्हर उठला. "कार्ड माझ्या नावावर आहे. पण मॅडम, वाचतो आम्ही अकरा जण. बंद नका करू हो. हा आमचा मेकॅनिक दहावीनंतर आत्ता कुठे पुस्तकाला हात लावतोय."

एक कार्ड, एक माणूस हा नियम. मोडला तर कार्ड रद्द. ढोबळे आणि कंडक्टर रंजना घोडके यांना घेऊन ती तशीच सरांकडे आली.

सर भडकले. "अकरा जण? आणि मी शाल घेऊन बसलोय! बंद कर ते. हवं तर अकरा वेगळी कार्डं देऊ."

"वेगळी नको, सर," रंजना म्हणाली. "माझ्या कार्डावर मी खुनाच्या गोष्टीच नेणार. बाकड्यावर दुसरं काही नव्हतं म्हणून तर मी मधमाश्या वाचल्या. चार दिवस शिव्या घालत वाचल्या, पण वाचल्या."

"पाच मिनिटं बंद करून बघूया," तेजल म्हणाली आणि तिनं ३१८ बंद केलं. सरांनी कार्ड टेकवलं. किल्ला. किल्ला. घाट. किल्ला.

"अगं, ही चारही वाचलीत मी!"

तेवढ्यात आलेल्या एका बाईंना पाककृतीची तीन पुस्तकं सुचवली गेली, तिन्ही घरी असलेली. तेजल ओरडलीच, "सर, ही अकरा आवडींची बेरीज नाहीये! एकमेकांचं उचलून हे नावडतंही वाचतात. म्हणून सगळ्यांशी जुळतात. एकट्या माणसाला हे जमणारच नाही. मी यंत्रात जे करायला बघत होते, ते त्या बाकड्यानं आधीच केलंय!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ढोबळे, तुमचं नाव काढतोय मी. तेजल, लिही. सभासद ३१८, चार्जिंगचं बाकडं."

रंजना एवढ्या जोरात हसली की वाचणारे वळून बघायला लागले. ३१८ पुन्हा सुरू झालं. आणि आता काय शोधायचं हे कळल्यावर तेजलनं चौदाही वाचनालयं चाळली. पडद्यावर तसेच आणखी सहा नंबर उजळले. प्रत्येकावर नाव एकाचंच.

"सर, नियमाप्रमाणे हे सगळे बंद करावे लागतील."

सर केव्हाच चपला घालून दारात उभे होते, काखेत शालीची पिशवी.

"चल, आधी भेटून येऊ. पण तिथे माणसं किती असतील गं? शाली किती घेऊ?"